आधी ब्रेक, मग वेग

(स्नेहसंमेलनाच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू इंग्लंडहून येतोयस, तर काहीतरी बोल. पण कॉम्प्युटरवर नको." मी विचारलं, मग कशावर बोलू? तर म्हणाले, "ती तुझी जुनी गाडी आहे ना, तिच्यावर बोल." म्हणजे पंचवीस वर्षं नोकरी केली त्यावर कुणाला काही ऐकायचं नाही. असो, मलाही नाही.

गाडीबद्दल सांगतो. पण त्याआधी एक कबुलीजबाब द्यायचा आहे, कारण गाडीची गोष्ट तिथूनच सुरू होते.

नववीत असताना आपल्या वाचनालयाला कुणीतरी जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा देणगी दिला होता, आठवतंय? त्यातल्या एका मासिकात एका उघड्या लाल गाडीचं पानभर चित्र होतं. दोनच सीटं, लांब बोनेट, तारांची चाकं. खाली लिहिलं होतं, 'एमजीबी'. ते पान नंतर कुणीतरी ब्लेडनं कापून नेलं. मासिक त्या आठवड्यात ज्याच्या कार्डावर होतं, त्याला पाच रुपये दंड झाला आणि वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसलाय. भावा, ते पान मी कापलं होतं. कार्ड तुझं होतं, ब्लेड माझं.

(हशा)

हसा. मीही बेचाळीस वर्षं हसण्यावारीच नेत आलो. आता गाडीकडे वळतो.

एमजीबी ही ब्रिटिश गाडी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती तयार होत होती आणि पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. आज आपल्याकडे रस्त्यावर एमजीच्या मोठ्या गाड्या दिसतात, त्यांच्यावरचा अष्टकोनी शिक्का तोच. कंपनीची मालकी मात्र आता चीनमध्ये गेली आहे. मी २०१८ च्या वसंतात १९७२ सालची एक एमजीबी घेतली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी. किंमत सहा हजार पौंड. घरी सांगितला त्याहून थोडा जास्तच आकडा आहे हा, तेव्हा ही स्मरणिका आमच्या घरी कुणी पोस्टानं पाठवू नका.

गाडी बघायला गेलो, मालकानं बोनेट उघडलं, आणि मला एकदम आपलं वर्कशॉप दिसलं. आठवा, व्हाइसच्या रांगेच्या टोकाला स्टँडवर ॲम्बॅसॅडरचं जुनं इंजिन ठेवलेलं असायचं. ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही एकाच घराण्यातली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची 'बी सिरीज'. म्हणजे आपल्या स्टँडवरची टॅक्सी तिची सख्खी बहीण. त्या इंजिनावर सरांनी आपल्याला फीलर गेज घालून टॅपेट लावायला शिकवलं होतं. मला वाटलं, हे तर आपल्याला येतंय. आणि तिथेच माझी चूक झाली.

नवी गाडी घेतल्यावर माणूस ती चालवतो. जुनी स्पोर्ट्‌स कार घेतल्यावर माणूस कॅटलॉग वाचतो. एमजीबीचं असं आहे की तिचा बहुतेक प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. अख्खी बॉडीसुद्धा मिळते. १९८८ पासून मूळच्याच साच्यांवर ती पुन्हा बनवली जाऊ लागली. आणि मूळ भागाच्या शेजारीच 'सुधारित' भाग छापलेला असतो. जास्त दमाचे एअर फिल्टर, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडायचा आणि एक क्लिक करायचं. दुसऱ्या दिवशी दारात खोका.

पहिल्या तीन महिन्यांत मी काय काय केलं ते सांगतो. मूळचे एअर फिल्टरचे डबे काढून जाळीचे उघडे फिल्टर लावले. सायलेन्सर बदलला, आवाज असा की गल्लीतल्या म्हातारीनं खिडकी लावून घेतली. मागच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी दोन बोटं खाली बसवली. आणि लेकीला गाणी ऐकता यावीत म्हणून दोन्ही दारांच्या पत्र्याला जिगसॉनं गोल भोकं पाडून स्पीकर बसवले. शेहेचाळीस वर्षं त्या दारांना कुणी हात लावला नव्हता. मी अर्ध्या तासात लावला.

एअर फिल्टरचं काय झालं तेही सांगतो. उघड्या फिल्टरमधून हवा जास्त जाते. पण कार्बरेटरमधली सुई तीच ठेवली तर हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि ताकद वाढायच्या ऐवजी कमी होते. प्लग काढून बघितले तर टोकं पांढरीफटक. तरी मी म्हणत होतो, "काय पळते बघ!" पळत नव्हती, ओरडत होती. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढंच.

त्याच काळात दोन गोष्टी मला दिसत होत्या. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली होती. मी वरून ओतलं. तीन आठवड्यांनी पुन्हा खाली. पुन्हा ओतलं. आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग होता. बघू सायलेन्सरचं झाल्यावर, असं म्हणून मी तो पुसून टाकला.

योगायोग असा, की २० मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. गाडीत मूलभूत बदल केलेले नसले की झालं, तपासणी सक्तीची नाही. मी खूश. तेवढे पैसे वाचले, त्यात स्पीकर आले. म्हणजे त्या गाडीच्या खाली वाकून बघणारा जो एकमेव तिऱ्हाईत माणूस वर्षातून एकदा आला असता, तोही मी घालवला.

ऑगस्टमधला रविवार होता. लेक तेव्हा तेरा वर्षांची. आम्ही दोघं कॉट्सवोल्डच्या डोंगरांत फिरायला गेलो. परतताना ब्रॉडवे नावाच्या गावाकडे एक उतार लागतो, फिश हिल म्हणतात. आपल्या आंब्या घाटाएवढा नाही, पण वळणांचा आणि चांगला उभा. टप उघडा, ऊन पडलेलं, लेक केस सांभाळत गाणं म्हणतेय. पहिल्या वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ फळीला टेकलं. पुन्हा दाबला, पुन्हा फळीला.

माझ्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. आजच्या गाड्यांत दोन असतात. एक गेलं तरी दुसरं निम्मं काम करतं. १९७२ च्या या गाडीत एका चाकाचं सिलिंडर फुटलं की चारही चाकांचं ऑइल तिथून बाहेर. आणि हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं.

मी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला. तो मागच्या चाकांवर तारेनं चालतो, पण मागचं डावं चाक ऑइलनं माखलेलं, त्यामुळे निम्मीच पकड. समोरून ट्रक वर येत होता. वळण कसंबसं काढलं आणि पुढे रस्त्याकडेचा गवताचा बांध दिसला, त्याला गाडी घासत घासत नेली. थांबली.

दोघंही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "बाबा, तुला माहीत होतं का?"

तिला विचारायचं होतं ते इतकंच, की गाडीत काही बिघाड आहे हे ठाऊक होतं का. मी तिला खोटं सांगू शकलो असतो. नववीत सांगितलं तसं. पण मी म्हणालो, "ऑइल कमी होत होतं, ते माहीत होतं." ती गाडीतून उतरली, बांधावर जाऊन बसली आणि गाडी उचलून न्यायचा ट्रक येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर चौदा महिने ती त्या गाडीत बसली नाही. घरी आल्यावर बायकोनं एकच वाक्य म्हटलं, "स्पीकर बसवायला वेळ होता ना तुला?" मित्रांनो, याला उत्तर नसतं.

गाडी विकायचं ठरवलं होतं. आमच्या भागात जुन्या एमजीवाल्यांचा एक गट आहे. त्यातले एक निवृत्त फिटर, वय सत्याहत्तर, गाडी बघायला आले. बोनेट उघडलंच नाही त्यांनी. आधी चाकांपाशी बसले, मग गाडीखाली गेले. खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवलं. पुढे चिकटलं, मध्ये चिकटलं, मागच्या टोकाला मात्र घसरून खाली पडलं. पत्रा गंजून गेलेला, वरून लांबी भरून रंग मारलेला. कुणीतरी मला फसवलं होतं, आणि मी त्या रंगावर पॉलिश घासत होतो.

मग त्यांनी दारातली भोकं बघितली. काही बोलले नाहीत. नुसतं बोट फिरवलं त्या कडेवरून, कड खरखरीत आहे का बघतात तसं.

सर, त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. आठवीतला पहिला जॉब. लोखंडी तुकडा चौकोनी करायचा, पन्नास मिलिमीटर. मोरचूद लावून रेघ आखायची, पंच मारायचा आणि कानशीनं रेघेपर्यंत यायचं. मी उत्साहात एक कोपरा जास्त घासला. तो सरळ करायला दुसरी बाजू घासली, मग तिसरी. शेवटी जॉब सत्तेचाळीसवर आला. तुम्ही गुण्या लावून उजेडासमोर धरलात आणि म्हणालात, "आदी माप घे, मग कानस लाव. कापल्यालं लोखंड परत चिकटत न्हाई." आणि तो जॉब माझ्या हातात परत दिलात. मार्क किती दिले ते इथे सांगत नाही.

त्या इंग्रज गृहस्थांनी हीच गोष्ट त्यांच्या पद्धतीनं सांगितली. म्हणाले, "विकायची तर वीक. पण ठेवणार असलास तर वर्षभर एकही नवी वस्तू आणू नकोस. आधी जे आहे ते जसं चालायला हवं तसं चालू दे. मग ठरव काय बदलायचं." मी ठेवली.

ते वर्ष कसं गेलं, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी वडिलांची लँब्रेटा नाहीतर येझदी झाकून ठेवलेली असते आणि निवृत्तीनंतर ती 'मॉडिफाय' करायचं मनात असतं.

सगळ्यात आधी ब्रेक. चारही चाकांची सिलिंडरं आणि सील, मास्टर सिलिंडर, रबरी नळ्या, सगळं नवं. लोखंडी नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या टाकल्या, त्या गंजत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी उभी असली तरीही. सर्किट एकच ठेवलं, पण त्यातली एकही वस्तू जुनी राहिली नाही. अनेक जण सर्वो बसवतात. सर्वोनं पायाला जोर कमी लागतो, पण मुळात गळकी असलेली यंत्रणा त्यानं बरी होत नाही.

त्यानंतर टायर. माझ्या टायरांची नक्षी छान खोल होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्यावर होतं २३०३, म्हणजे २००३ चा तेविसावा आठवडा. पंधरा वर्षांचं रबर. नखानं दाबलं तर दगड. मुलंबाळं ज्या दुचाकीवर बसतात तिच्या टायरवरचे हे आकडे घरी जाऊन जरूर बघा.

मग पुढच्या चाकांचे किंगपिन. त्यांना दर काही हजार मैलांनी ग्रीस मारावं लागतं. न मारल्यास स्टिअरिंग जड होतं आणि पिन खातात. ग्रीसगनची किंमत माझ्या एका स्पीकरच्या पाव भाग होती.

पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला खातं. आपल्याकडे तर प्रमाण त्याहून वाढतंय. जुनी गाडी असेल तर नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. गाडी पेटते ती इंजिनमुळे नाही, गळक्या नळीमुळे.

सगळ्यात मोठं काम दाराखालच्या पट्टीचं. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात वर छप्परही नाही. म्हणजे गाडी मधून वाकू नये हे काम त्या दोन पट्ट्यांवर. ती पट्टी कापताना गाडीला खालून नीट आधार द्यावा लागतो, दारांच्या फटी सारख्या आहेत ना हे बघत राहावं लागतं, नाहीतर वेल्डिंग झाल्यावर दार लागतच नाही. ते काम मी केलं नाही, वेल्डरकडून करून घेतलं. खर्च ऐकू नका.

इंजिनाला हात लागला तो आठव्या महिन्यात. मूळचे फिल्टरचे डबे परत बसवले, माळ्यावर ठेवले होते म्हणून वाचलो. टॅपेट पंधरा थाऊला लावली, इंजिन थंड असताना. सर, फीलर गेज कसं धरायचं ते हात विसरले नव्हते. ना घट्ट, ना सैल, किंचित ओढ लागली पाहिजे. टायमिंग लावलं, कार्बरेटर जुळवले. आणि गाडी खरोखर पळायला लागली. नवा एकही भाग न घालता. जी ताकद मी कॅटलॉगात शोधत होतो, ती त्याच इंजिनात होती, नुसती कुणी जुळवली नव्हती.

आता ती एका दिवसाची गोष्ट. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल सैल करून हवेचे बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच पेडल सोडायचं. बायको बाहेर गेली होती. मी लेकीला हाक मारली. म्हटलं, गाडी घोड्यांवर आहे, चाकंही काढलेली आहेत, कुठेही जाणार नाही, फक्त बसून पेडल दाब. ती आली. मी खालून म्हणायचं, "दाब... धर... सोड." मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, त्याच चाकापासून. तासभर हेच चाललं. शेवटी ती वरून म्हणाली, "बाबा, आता वरच थांबतंय. खाली जातच नाही." मी म्हटलं, "पुन्हा बघ." तिनं पुन्हा बघितलं. मग खाली उतरून, मला उठवून, मला पेडलवर बसवलं आणि स्वतः चाकापाशी बसून एकेक निपल घट्ट आहे का ते तपासलं. माझ्यावर विश्वास न ठेवता तपासलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

वर्ष संपल्यावर मी काही बदल केलेही. तुम्हाला वाटेल हा माणूस आता पुराणमतवादी झाला, तसं नाही. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुने पॉइंट मात्र गाडीतच एका डबीत असतात, रस्त्यात बंद पडली तर वीस मिनिटांत परत बसतात. हेडलाइटला रिले लावले, कारण मूळ रचनेत सगळा करंट स्विचमधून जातो. आता दिवे लख्ख आणि स्विच थंड. सीटमागच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एक. चांगले सीट बेल्ट. या कशासाठीही पत्रा कापला नाही, मूळची एकही वायर तोडली नाही. जो भाग निघाला तो चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला. पुढच्या मालकाला वाटलं तर एका रविवारात गाडी १९७२ ची होईल.

मोह होतात. एमजीनं स्वतः १९७३ ते १९७६ मध्ये याच गाडीच्या छपरी मॉडेलमध्ये साडेतीन लिटरचं व्ही-आठ इंजिन घालून २५९१ गाड्या बनवल्या होत्या. त्यामुळे "कंपनीनं केलं तर आपण का नको" असं म्हणणारे गटात बरेच. कोणी तर इंजिनच काढून बॅटरीवर चालवतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. गाडी त्यांची, कष्ट त्यांचे. एवढंच सांगतो, ताकद वाढवली की ब्रेक, सस्पेन्शन, टायर सगळं त्या मापाचं करावं लागतं, विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो, आणि मूलभूत बदल झाला तर जुन्या गाडीची सूटही जाऊ शकते.

आपल्याकडेही आता नियम आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, फार मोठे फेरफार झालेले नसले पाहिजेत. आणि ती रोजच्या वापराला नाही. तेव्हा वडिलांच्या येझदीची टाकी कापायच्या आधी एकदा विचार करा. तुमच्या नातवाला कदाचित ती जशी होती तशीच हवी असेल.

माझी दारातली भोकं आता भरली आहेत. पत्र्याचे गोल तुकडे वेल्ड करून, घासून, रंग मारून. कुणाला दिसत नाहीत. मला दिसतात. चुंबक फिरवलं तरी चिकटतं, पण हात फिरवला की मला कळतं.

एमजीचं एक जुनं घोषवाक्य आहे, 'सेफ्टी फास्ट'. सगळे 'सेफ्टी फर्स्ट' म्हणतात, त्यांनी एक अक्षर इकडचं तिकडं केलं. मी वाचलं तेव्हा मला वाटायचं, मजा आहे. आता वाटतं, क्रम सांगितलाय. थांबता येतं त्यालाच पळायचा अधिकार. मी अजूनही दरवर्षी गाडी तपासणीला नेतो. कायद्यानं गरज नाही, पण वर्षातून एकदा तिऱ्हाईत माणसानं खाली वाकून बघावं असं वाटतं.

लेक आता एकोणीस वर्षांची आहे. तिला लायसन्स मिळालं. या उन्हाळ्यात तिनं मला शेजारी बसवून फिश हिल उतरवली. तिच्या एकटीच्या विम्याचा हप्ता गाडीच्या इंजिनापेक्षा महाग पडला, पण भरला. उतरायच्या आधी वर गाडी थांबवून तिनं तीन वेळा पेडल दाबून बघितलं. मी काही बोललो नाही.

आता शेवटचं. ते कापलेलं पान माझ्याकडे अजून आहे. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, मग पासपोर्टच्या फायलीत गेलं, इंग्लंडला आलं. आज ते परत आणलंय. सकाळी वाचनालयात गेलो, म्हटलं, मासिकात लावून देऊ. बाईंनी सांगितलं, तो गठ्ठा कधीच रद्दीत गेला. पान आहे, मासिक नाही. सर, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं.

म्हणून पान वाचनालयाकडेच देतोय, त्यांना हवं तर भिंतीवर लावोत. आणि तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, हे तुझे पाच रुपये. व्याज जेवताना देतो.